परसातली टाकी, परसातली विहीर

“आमची टाकी वीस वर्षांत एकदाही भरली नाही हो!” रत्नागिरीत किंवा आसपासच्या गावांत सेप्टिक टँकचा विषय निघाला, की हे वाक्य हमखास कानावर येते. सांगणाऱ्याच्या आवाजात समाधान असते. गवंडी चांगला मिळाला, जमीन पाणी पिणारी निघाली, म्हणून मैला उपसणारी गाडी बोलवायची वेळ आली नाही, असे त्याला म्हणायचे असते.

खरे पाहता नीट बांधलेली टाकी घर वापरात आल्यावर थोड्याच दिवसांत बाहेर जाणाऱ्या पाइपापर्यंत भरते आणि पुढे कायम भरलेलीच राहते. वीस वर्षे जी ‘भरली’ नाही, ती बहुधा तळातून किंवा भिंतीतून झिरपत असते. नाहीतर तिच्यातला गाळ केव्हाच शोषखड्ड्यात उतरू लागलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. त्याच परसात चार पावलांवर विहीर असते. कोकणातल्या घरच्या सेप्टिक टँकची सारी गोष्ट या दोन खड्ड्यांमधल्या अंतराची आहे. म्हणून टाकीच्या देखभालीचा आढावा घेताना विहीर नजरेआड करून चालत नाही.

टाकी नेमके काय करते

मैलापाणी बंद टाकीत साठवून निवळू देण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातली. फ्रान्समध्ये लुई मुरास याने अशी टाकी प्रथम बांधली. पुढे इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरून या अभियंत्याने १८९५ च्या सुमारास तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले.

टाकीचे काम साधे आहे. आत आलेले पाणी शांत थांबले, की जड भाग तळाशी बसतो. तो गाळ. तेलकट, हलका भाग वर तरंगतो. ती साय. मधला निवळ पाण्याचा थर पुढच्या पाइपाने शोषखड्ड्याकडे जातो. तळातला गाळ हवेविना जगणारे जंतू हळूहळू खातात, त्यामुळे त्याचे प्रमाण कमी होते, पण तो संपत कधीच नाही. उरलेला गाळ वर्षागणिक चढत जातो आणि मधल्या निवळ थराची जागा खातो. जागा कमी झाली, की पाण्याला थांबायला वेळ मिळत नाही आणि मैला पाण्याबरोबरच बाहेर पडतो. गाळ वेळेवर काढणे एवढीच टाकीची मुख्य देखभाल आहे. बाकी सारे त्याच्या आजूबाजूचे.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. टाकीतून बाहेर पडणारे पाणी निवळ दिसले, तरी त्यात रोगजंतू असतातच. त्यांचा निकाल पुढे जमिनीत, मातीच्या बारीक कणांतून सावकाश झिरपताना लागतो. थोडक्यात, अर्धे काम टाकी करते आणि अर्धे माती. कोकणात अडचण येते ती या दुसऱ्या अर्ध्यात.

जांभ्याची जमीन

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जूनपासून चार महिन्यांत. सड्यावर पायाखाली जांभा. चिरेखाणीत उभे राहून जांभ्याची कापलेली भिंत जवळून पाहिली, तर बोट जाईल एवढी छिद्रे आणि कुठेकुठे हात जाईल एवढ्या पोकळ्या दिसतात. अशा खडकात खणलेला शोषखड्डा पाणी झटकन गिळतो. म्हणूनच ‘आमची जमीन चांगली पाणी पिते’ असे कौतुक होते. पण मातीतून झिरपणे वेगळे आणि भेगेतून वाहणे वेगळे. भेगेतून जाणारे पाणी गाळले जात नाही. ते जसेच्या तसे उताराने खाली जाते आणि खालच्या वाडीतल्या विहिरीत उतरू शकते.

किनाऱ्यालगत, पुळणीच्या जमिनीत, प्रश्न उलटा. वाळू बऱ्यापैकी गाळते, पण पाण्याची पातळी इतकी वर असते, की पावसाळ्यात शोषखड्डा भूजलातच बुडतो. श्रावणात संडासचे पाणी उतरत नाही, भांड्यात बुडबुडे येतात, अंगणात कुबट वास सुटतो. घरच्यांना वाटते टाकी तुंबली. पुष्कळदा टाकी ठीक असते, शोषखड्ड्याला पाणी सोडायला जागाच उरलेली नसते.

भारतीय मानक ब्युरोचे सेप्टिक टँकविषयीचे मानक आयएस २४७० या क्रमांकाने ओळखले जाते आणि त्याची प्रचलित आवृत्ती १९८५ ची आहे. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट, आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर असावा, असे ते सांगते. भेगाळ जांभ्यात साठ फुटांवरही निर्धास्त राहता येत नाही. आणि गावठाणातल्या दाटीत, पाखाडीच्या दोन्ही बाजूंना लागून असलेल्या घरांत, साठ फूट मिळणेच कठीण. आपल्या टाकीपासून आपली विहीर लांब ठेवली, पण शेजाऱ्याच्या विहिरीला टाकी चिकटली, हे दृश्य तर नित्याचे.

बांधताना राहिलेली खोट

देखभालीचे निम्मे भवितव्य बांधकामाच्या दिवशी ठरते. आयएस २४७० मानकानुसार पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर एवढी टाकी पुरते, पण दरवर्षी गाळ काढायचा असेल तर. दोन वर्षांतून एकदा काढायचा तर खोली थोडी वाढवायची. लांबी रुंदीच्या दोन ते चारपट हवी, कारण लांबट टाकीत पाण्याला निवळायला वाट मिळते. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांना इंग्रजी ‘टी’च्या आकाराचा तुकडा किंवा समोर आडभिंत हवी, म्हणजे येणारे पाणी साय ढवळत नाही आणि जाणारे साय घेऊन जात नाही.

प्रत्यक्षात काय होते? चिऱ्याच्या भिंती उभ्या राहतात, आतून गिलावा होत नाही, तळाला काँक्रीट पडत नाही. ‘मुरू दे की पाणी’ या समजुतीने टाकीचाच शोषखड्डा होतो. वर स्लॅब, त्यावर अंगणाची फरशी, झाकण गायब. पुढच्या पिढीला टाकी नेमकी कुठे आहे, हेसुद्धा सांगता येत नाही. गाळ काढायची वेळ आली, की अंगण फोडावे लागते, आणि अंगण फोडायचे जिवावर येते म्हणून गाळ तसाच राहतो.

नवीन घर बांधणाऱ्याने गवंड्याकडे पाच गोष्टींचा आग्रह धरावा. तळ आणि भिंती पाणी न झिरपणाऱ्या असाव्यात. दोन कप्पे असावेत. दोन्ही कप्प्यांवर उघडता येणारे जड झाकण असावे. हवेच्या नळीला वर बारीक जाळी असावी. आणि टाकीची जागा अशी असावी, की मैला उपसणारी गाडी किंवा निदान तिचा पाइप तिथवर पोहोचेल. जाळी विसरली, तर नळीतून क्युलेक्स डासांची ये-जा सुरू होते. हत्तीरोग पसरवणारा डास हाच, आणि मैलापाणी त्याचे आवडते घर.

बांबू आणि पांढरे फडके

गाळ किती साचला, हे ओळखायला यंत्र लागत नाही. शिमगा आटोपला, की एका सकाळी टाकीचे झाकण बाजूला करावे. लगेच वाकून आत पाहू नये. पोरांना लांब पाठवावे, विडी-काडी पेटवू नये, अर्धा तास हवा खेळू द्यावी. मग सात-आठ फुटांचा सरळ बांबू घ्यावा आणि त्याच्या खालच्या तीन-चार फुटांना जुन्या पांढऱ्या पंच्याची पट्टी घट्ट गुंडाळावी. बाहेर उभे राहूनच बांबू हळूहळू तळापर्यंत सोडावा, चार-पाच मिनिटे थांबावे आणि सावकाश वर काढावा. फडक्यावर काळी रेघ स्पष्ट उमटलेली दिसते. रेघेखालचे ते गाळाचे, वरचे ते पाण्याचे. वरच्या सायीची जाडीही काठीने चाचपडून कळते. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशावर गेली, तर गाडी बोलवायची वेळ झाली. हातमोजे घालावेत, फडके जाळून किंवा पुरून टाकावे आणि साबणाने हात धुवावेत.

तेवढी मोजणीही जमत नसेल, तर सरळ हिशेब धरावा : लहान टाकी दर दोन वर्षांनी, मोठी दर तीन वर्षांनी. अमेरिकेत घरगुती टाकीसाठी तीन ते पाच वर्षांचे अंतर सांगितले जाते, पण तिथल्या टाक्या आपल्यापेक्षा पुष्कळ मोठ्या असतात.

गाळ काढायला उत्तम काळ शिमग्यापासून मृगापर्यंतचा. रस्ता कोरडा असतो, भूजल खाली गेलेले असते. भर पावसात टाकी रिकामी करणे धोक्याचे. बाहेरच्या पाण्याचा दाब वाढलेला असतो आणि आत वजन उरत नाही. प्लॅस्टिकची किंवा फायबरची टाकी तर जमिनीतून वर उचलली जाऊ शकते. गाळ काढताना तळाला बोटभर थर राहू द्यावा, म्हणजे जंतूंचे विरजण शिल्लक राहते. टाकी ब्लिचिंगने किंवा अॅसिडने धुण्याची अजिबात गरज नाही.

विरजणावरून पावडरींची गोष्ट. टाकीत टाकायची ‘कल्चर पावडर’ बाजारात मिळते आणि ती टाकली की गाळ काढावा लागत नाही, असे सांगितले जाते. टाकीला लागणारे जंतू माणसाच्या पोटातूनच रोज जात असतात. ते विकत घ्यावे लागत नाहीत. नव्या टाकीत शेणकाल्याची एक बादली ओतायची जुनी रीत आहे, ती सुरुवातीपुरती ठीक. पण वाळू, केस, प्लॅस्टिक आणि न कुजणारा गाळ कोणतीही पावडर खात नाही.

टाकीत काय जाऊ नये, याची यादी लहान आहे. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स, स्वयंपाकाचे तेल, चहाचा चोथा, औषधांच्या गोळ्या, आणि बाटलीच्या बाटली फिनेल किंवा अॅसिड. न्हाणीचे आणि मोरीचे पाणीही लहान टाकीत सोडू नये. ते माडाच्या आळ्यात, केळीला, अळूच्या वाफ्यात सोडण्याची आपल्या आज्यांची रीत शास्त्राला धरूनच होती. टाकीवरचा पाण्याचा भार त्यामुळे हलका राहतो.

गणपतीतली गर्दी

कोकणातल्या टाकीचे एक दुखणे घाटावर सहसा दिसत नाही. वर्षातले दहा महिने घरात आजी-आजोबा दोघेच. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी आले, की तीच टाकी पंचवीस माणसांची. पाच माणसांसाठी बांधलेल्या टाकीत पाचपट पाणी येऊ लागले, की पाणी थांबण्याचा काळ एक पंचमांश होतो. निवळायला वेळ मिळत नाही आणि तळचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो. शोषखड्ड्याच्या भिंतींवर एकदा मैल्याचा लेप बसला, की पुढे तो पाणी पीत नाही. त्यातही गणपती येतात ते जमीन पाण्याने तुडुंब असताना.

म्हणून गणपतीची तयारी रंगरंगोटीपुरती न ठेवता मे महिन्यातच टाकी उपसून घ्यावी. बंद घराची तर नक्कीच. गणपतीपुळे, गुहागर, दापोली या भागांत ज्यांनी घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आहेत, त्यांची गर्दी वर्षभर येत-जात असते. त्यांनी खोल्या वाढवताना टाकीही त्या मापाची करायला हवी. खोल्या सहा आणि टाकी जुन्या घराची, हे गणित शेजारच्या विहिरीच्या खर्चाने सुटते.

टाकीत माणूस उतरता कामा नये

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. टाकीत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन, कार्बन डायऑक्साइड हे वायू साठतात. हायड्रोजन सल्फाइडला कुजलेल्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की तोच वायू नाकाची वास ओळखण्याची शक्ती मारून टाकतो. वास येत नाही म्हणजे धोका टळला, असे समजून माणूस उतरतो आणि काही क्षणांत कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत दोन-तीन जीव गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्या अशाच. अजून वापरातही न आलेल्या नव्या टाकीत सेंट्रिंगच्या फळ्या काढायला उतरलेल्या कामगारांचेही जीव गेले आहेत. बंद जागेत ओले लाकूड कुजून प्राणवायू संपलेला असतो.

हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा केंद्राचा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. सुरक्षा साधनांविना माणसाला टाकीत किंवा गटारात उतरवणे हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही जबाबदारी नगरपालिकेपुरती नाही, काम सांगणाऱ्या घरमालकावरही येते. गटारात किंवा टाकीत मृत्यू झाल्यास कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपये ठरवली होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती तीस लाख झाली. पैशाने माणूस परत येत नाही. ‘हजार रुपये जास्त देतो, उतर’ असे म्हणणाऱ्याने समोरच्याचे घर डोळ्यांपुढे आणावे. टाकी यंत्रानेच उपसायची, याला अपवाद नाही.

अप्पासाहेबांची आठवण

या प्रश्नाला रत्नागिरीत मोठा इतिहास आहे. रत्नागिरी तालुक्यातल्या आगरगुळे गावचे सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१). कोकणचे गांधी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम स्वतः करू देण्याची मागणी केली. ती नाकारली गेली, म्हणून त्यांनी अन्न सोडले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी डिसेंबरमध्ये उपवास केला. एका माणसाचा मैला दुसऱ्याने वाहू नये, ज्याचा त्याने त्याची व्यवस्था लावावी, हे अप्पांचे म्हणणे. पुढे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कणकवलीत गोपुरी आश्रमात त्यांनी कमी खर्चाच्या, खत देणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. दोन कप्पे आळीपाळीने वापरायचे आणि भरलेला कप्पा कुजू द्यायचा, ही ‘गोपुरी संडास’ची रचना. देहूत डॉ. सुहास मापुसकरांनी हा विचार पुढे नेला, मैल्यावर चालणारी बायोगॅस संयंत्रे उभी केली. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आज सरकारी अभियानात सांगितला जाणारा दोन शोषखड्ड्यांचा संडास याच वळणाचा. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचे. पहिला दीड-दोन वर्षे बंद राहिला, की आतले निव्वळ खत होते. उपसायला गाडी लागत नाही, वायूची भीती नाही. जिथे मातीचा थर जाड आहे, भूजल खोल आहे आणि विहीर दूर आहे, तिथे लहान कुटुंबाला सेप्टिक टँकपेक्षा हाच बरा. भेगाळ जांभ्यावर किंवा पुळणीत मात्र पक्की टाकी, तिच्यापुढे खडीची गाळणी आणि मग कर्दळीचा किंवा केळीचा अस्तर केलेला वाफा, ही साखळी अधिक सुरक्षित.

गाडी कुठे जाते

टाकी उपसली म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. तो गाडीत चढला. रात्रीच्या वेळी पऱ्यात, खाडीच्या कडेला किंवा सड्यावर गाडी रिकामी झाली, तर आपल्या घरचा मैला गावच्या पाण्यात गेला. त्यासाठी प्रक्रिया केंद्र हवे. साताऱ्यातले वाई आणि नाशिकमधले सिन्नर या दोन लहान शहरांनी मार्ग दाखवला आहे. तिथे टाकी तुंबण्याची वाट न पाहता तीन वर्षांच्या फेरीने घरोघरची टाकी उपसली जाते. गाळ प्रक्रिया केंद्रात जातो. घरमालकाला आयत्या वेळी मोठी रक्कम मोजावी लागू नये, म्हणून खर्च कररूपाने वाटून घेण्याची वाट वाईने धरली. देशाचे मैलागाळ धोरण २०१७ मध्ये आले. जपानमध्ये तर १९८३ च्या कायद्याने घरगुती मैलापाणी यंत्रणेची नियमित सफाई आणि दरवर्षी तपासणी बंधनकारक केली. टाकी खासगी असली तरी तिचे परिणाम सार्वजनिक आहेत, हे त्या समाजांनी मान्य केले.

कोकणात एकेका ग्रामपंचायतीला गाडी परवडणार नाही. पण पाच-पंचवीस गावांनी मिळून एक गाडी आणि एक प्रक्रिया केंद्र, हे आवाक्यातले आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला साठ टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला, तो अशाच कामांसाठी. पाखाडीच्या गावात मोठा टँकर शिरत नाही, तिथे लहान गाडी आणि लांब पाइप लागेल, एवढे लक्षात घेऊनच खरेदी व्हावी.

आपल्या हातातले

टाकीची खरी परीक्षा विहिरीत होते. गावच्या जलसुरक्षकाकडे किंवा आरोग्य केंद्रात पाणी तपासणीची लहान बाटली मिळते. त्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवले आणि ते काळे पडले, तर विष्ठेतले जंतू असण्याची शक्यता मोठी. विहिरीत टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकल्याने ते पाणी तात्पुरते वापरता येते, पण झिरपा चालू असेतो दोष परत येणारच. ग्रामसभेत पाण्याच्या स्रोताचे लाल, पिवळे, हिरवे कार्ड वाचले जाते, तेव्हा त्या विहिरीभोवती टाक्या किती आणि त्या शेवटच्या कधी उपसल्या, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

आणि घरात एक काम आजच करता येते. वीज मीटरच्या पेटीच्या दाराला आतून एक कागद चिकटवावा. त्यावर टाकी कुठे आहे, झाकण कोणत्या फरशीखाली आहे, टाकीचे माप, विहिरीपासूनचे अंतर आणि शेवटचा गाळ कधी काढला, एवढे पाच तपशील लिहावेत. बहुतेक घरांत यातले दोनही सांगता येणार नाहीत. ते शोधायला निघालात, की देखभाल सुरू झाली. शोधून झाले, की यंदाचा मृग लागायच्या आत झाकण उघडून बांबू सोडून पाहा. पाणी त्याच परसातल्या विहिरीचे आहे आणि ते आपल्याच मुलांना प्यायचे आहे.